मध्यम

शहर एवढंच मोठं, की पियानो सुरात लावणारे दोन.
एकाला काम झेपायचं नाही, तिघांना उपास पडेल.
मी, आणि आर्मास ह्युत्तिनेन.
नदीच्या अलीकडचे पियानो माझे, पलीकडचे त्याचे,
असं कुणी ठरवलं नव्हतं. मोडलंही नाही कुणी.

हेलसिंकीत गेलो की म्हणतात, उत्तरेचा दिसतोय.
इनारीत गेलो की, आले दक्षिणेचे शहाणे.
आमच्याकडे सगळं आहे, पण एकेक:
एक नाट्यगृह, एक वाद्यवृंद,
हृदयाचा एक बरा डॉक्टर, तोही जुलैभर मासे धरायला.

डिसेंबरात सूर्य साडेदहाला येतो
आणि मीटर बघायला आलेल्या माणसासारखा
कोट न काढताच दोनला निघतो.
पश्चिमेचा वारा असला की कागदगिरणीचा वास,
करपलेल्या कोबीचा.
नवखे नाक धरतात. आम्ही म्हणतो, हवा बदलतेय.

मी सायकलनं जातो. उणे बावीसला सगळेच जातात,
पोस्टमन, म्हाताऱ्या, पाठीवर चेलो बांधलेली शाळकरी पोर.
स्वरकाटा आतल्या खिशात, छातीशी.
गारठला तर चढा बोलतो,
मग अख्खं घर चढं राहतं वसंतापर्यंत.
हीटरनं लाकूड सुकतं, स्वर उतरतो.
लोकांना कळत नाही. सगळेच स्वर सारखे उतरले
तर कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.
हे मी फक्त पियानोबद्दल म्हणतोय.

काम झालं की झाकणाखाली
पेन्सिलीनं तारीख आणि आद्याक्षरं घालायची, अशी रीत.
माणसं घरं बदलतात, पियानो पूल ओलांडतात,
म्हणून तुइरात, तिसऱ्या मजल्यावर, मला तो भेटायचा:
आ. ह्यु., मार्च ९४.
आ. ह्यु., मे ९७. डावीकडची चौथी तार हट्टी आहे.
मी खाली लिहिलं: माझ्याशी नाही.
तो पियानो पुन्हा नदीपार गेला, पुन्हा आला,
तेव्हा त्याच्या अक्षरात एकच शब्द: फुशारकी.

तीस वर्षांत बोलणं एवढंच.
बाजारात दिसायचा, कानटोपी, हातात माशांची पुडी.
मी मान हलवायचो. तो हलवायचा.
शहर मोठं असतं तर दिसलोच नसतो,
छोटं असतं तर भांडलो असतो.

परवा लेम्पी ह्युत्तिनेन यांचा फोन.
हे ऑक्टोबरात गेले, तुम्हाला माहीत असेलच.
माहीत होतं. पेपरात दोन ओळी होत्या.
पियानो लावून हवाय. विकायचा नाही. नुसता लावून.

राक्सिलातलं पिवळं लाकडी घर.
पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढला नव्हता,
आधी फावडं मारलं, मग बेल.
झाकण उघडलं.
अठ्ठ्याऐंशीपासूनच्या तारखा, त्याच्या एकट्याच्या,
दरवर्षी नोव्हेंबरचा तोच आठवडा.
शेवटचीखाली दोन बोटं जागा सोडून
फिकट, थरथरत्या हातानं: उ. के.
म्हणजे मी.
तारीख घातली नव्हती.

बाहेर अंधारलं. बाई कॉफी ठेवून गेल्या.
डावीकडची चौथी तार तीनदा लावली,
तीनदा उतरली.
मी आजची तारीख घातली
आणि शेजारी लिहिलं: माझ्याशीही.

किती झाले, बाईंनी विचारलं.
नेहमीचेच, म्हणालो.
नेहमीचे म्हणजे किती, त्यांना कुठून माहीत.
त्या घरात या कामाचे पैसे
कधी कुणी घेतलेच नव्हते.
पाकीट हातात धरून त्या तशाच उभ्या,
मी बूट घालत बसलो, जरा जास्तच वेळ.